खुर्चीवरून वेळेवर उठता यावे म्हणून

मागच्या अंकात हवाई वाहतूक नियंत्रकांच्या नोकरीविषयी माझे एक टिपण छापून आले. त्यात मी म्हटले होते की, या लोकांचे वेतन, प्रशिक्षण आणि कामाची परिस्थिती यांवर सुटे सुटे बोलून काही उपयोग नाही, कारण तिन्हींच्या मुळाशी माणसांच्या संख्येचा एकच प्रश्न आहे. त्यावर पत्रे बरीच आली आणि त्यांतली काही चांगलीच रागावलेली आहेत. सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी स्वतः याच कामातून निवृत्त झालेला माणूस असल्यामुळे माझे माप थोडे एका बाजूला झुकणार, हे वाचकांनी गृहीत धरावे.

माझी मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि विमानतळ प्राधिकरणाच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्हच्या, म्हणजे नियंत्रकाच्या पहिल्या पदाच्या, परीक्षेला बसायचे म्हणते. जाहिरातीत वर्षाला तेरा लाख असे लिहिलेले असते, ते खरे धरावे का? तिचे मामा म्हणतात की, या नोकरीत माणूस चाळिशीतच म्हातारा होतो. — एक आई, डोंबिवली पूर्व

आधी मामांचे म्हणणे घेऊ. माझे केस चाळिशीत पांढरे झाले हे खरे आहे. परंतु माझ्या थोरल्या भावाचेही त्याच वयात झाले, आणि तो पोस्टात होता.

आता पैशांचे. भारतीय विमानतळ प्राधिकरणात हे पद ई-१ श्रेणीचे असून तिचे मूळ वेतन ४०,००० रुपयांपासून १,४०,००० रुपयांपर्यंत जाते आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि मूळ वेतनाच्या ३५ टक्क्यांपर्यंतचे इतर भत्ते येतात. जाहिरातीतला सुमारे १३ लाखांचा आकडा म्हणजे नोकरी देणाऱ्याला वर्षाकाठी येणारा एकूण खर्च. त्यात भविष्य निर्वाह निधीसारख्या गोष्टीही धरलेल्या असतात. त्यामुळे तेराला बाराने भागून येणारी रक्कम दरमहा बँकेत जमा होईल, असा हिशेब घरात मांडू नये. एवढे वजा करूनही पदवीनंतरच्या पहिल्या नोकरीसाठी हे वेतन चांगलेच आहे, आणि ते कमी आहे असे कोणी म्हणाले तर मी त्याच्या बाजूने उभा राहणार नाही.

तक्रारीचे खरे ठिकाण पुढे आहे. ई-१ ही श्रेणी प्राधिकरणातल्या वित्त विभागातल्या नव्या अधिकाऱ्यालाही तीच असते आणि मनुष्यबळ विभागातल्या नव्या अधिकाऱ्यालाही तीच. ते सकाळी येतात आणि संध्याकाळी घरी जातात. नियंत्रकाला रेटिंगपोटी, म्हणजे ठरावीक जागेचे काम एकट्याने करण्याच्या परवानगीपोटी, वेगळा भत्ता मिळतो, तरी त्याची मूळ श्रेणी, त्याची बढती आणि त्याचा पुढचा सारा प्रवास त्याच सर्वसाधारण शिडीवरून होतो. अमेरिकेत नियंत्रण केंद्रांना कामाच्या भाराप्रमाणे ४ पासून १२ पर्यंत स्तर दिलेले आहेत आणि वेतन त्या स्तराशी जोडलेले आहे. तेथील नियंत्रकाचे मध्यक वेतन मे २०२४ मध्ये वर्षाला १,४४,५८० डॉलर होते. आपल्याकडे दिवसाला चार-सहा विमाने येणाऱ्या विमानतळावरचा आणि मुंबईच्या अॅप्रोचवरचा, म्हणजे येणारी विमाने धावपट्टीकडे लावणारा, हे दोघे एकाच श्रेणीत असले तर मूळ वेतन सारखेच. डॉलरचा आकडा मोठा दिसतो म्हणून तो मी दिलेला नाही, कारण तेथील खर्चही तसेच आहेत. अवघड खुर्चीची किंमत वेगळी लावण्याची पद्धत मात्र घेण्यासारखी आहे.

आपल्या मुलीसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय असावे लागतात. नुसत्या भौतिकशास्त्रावर अर्ज टिकत नाही, तेव्हा गुणपत्रिका आजच काढून पाहावी. वयाची अट खुल्या गटासाठी २७ वर्षांची आहे. संगणकावरच्या परीक्षेनंतर आवाजाची चाचणी, मानसिक क्षमतेची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी होते. आवाजाच्या चाचणीत गोडवा कोणी पाहत नाही. इंग्रजी शब्द घाईत आणि गोंगाटातही स्पष्ट उमटतो की नाही, एवढेच पाहतात. माझ्या तुकडीत आकाशवाणीवर नाट्यगीते गायलेला एक मुलगा होता. शब्दाचा शेवट ओढायची त्याची सवय मोडायला शिक्षकांना तीन आठवडे लागले.

निवड झाल्यावर प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाच्या संस्थेत होते. प्रयागराजचे महाविद्यालय १९४८ पासूनचे आहे. तेथून बाहेर पडताना माणसाला कागद मिळतो, परंतु काम येते असे कोणी समजत नाही. खरी शाळा नेमणुकीच्या ठिकाणी सुरू होते. तेथे शिकाऊ नियंत्रक हेडसेट लावून बोलतो आणि त्याच्या मागे जोडलेला दुसरा हेडसेट लावून प्रशिक्षक उभा असतो. शिकणाऱ्याच्या तोंडून चुकीचे वाक्य निघायच्या आत तो मध्ये शिरतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे टॉवरच्या रेटिंगसाठी असे किमान ९० तास किंवा एक महिना यांपैकी जे जास्त असेल ते पूर्ण करावे लागते, तर अॅप्रोच किंवा एरिया (लांबच्या मार्गांवरची विमाने) यांसाठी १८० तास किंवा तीन महिने. मुंबईसारख्या ठिकाणी प्रत्यक्षात याहून बराच काळ जातो. विशेष म्हणजे हे रेटिंग त्या जागेपुरते असते. गोव्याला किंवा नागपूरला शिकलेला माणूस मुंबईला बदलून आला, की पुन्हा शिकाऊ होऊन बसतो.

मुलीला परीक्षेला बसू द्यावे. फक्त नेमणूक मुंबईतच मिळेल, असे धरून डोंबिवलीत घर बघू नये.

गेल्या महिन्यात नागपूरहून येताना आमचे विमान पाऊण तास आकाशात घिरट्या घालत राहिले. पगारवाढ मागणाऱ्यांनी आधी आपले काम नीट करावे, असे तुमचे टिपण वाचून वाटले. — एक प्रवासी, विलेपार्ले

आपला राग समजतो, फक्त तो चुकीच्या पत्त्यावर पोचला आहे. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, परंतु त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, म्हणजे कामापुरता हा एका धावपट्टीचा विमानतळ आहे. ८ डिसेंबर २०१८ या एका दिवशी येथे १,००७ विमाने चढली-उतरली. चोवीस तासांत दर ८६ सेकंदांना एक, असा त्याचा हिशेब निघतो. गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमानांना वाव दिलेला होता, तो फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने ४४ वर आणला, आणि त्याचे एक कारण आपण सोसलेत त्या घिरट्याच होते. नियोजनात फट उरलेली नसली, की एका विमानाच्या उशिराची शिक्षा मागच्या दहांना होते.

त्या पाऊण तासात खाली काय चालले असते, ते सांगतो. नियंत्रकांपैकी बहुतेक जण त्या उंच टॉवरवर बसत नाहीत. ते काळोख्या, वातानुकूलित खोलीत पडद्यासमोर असतात. पडद्यावर प्रत्येक विमानाचा एक ठिपका आणि त्याला चिकटलेली दोन-तीन ओळींची पाटी असते, जीत नाव, उंची आणि वेग लिहिलेला असतो. समजा, आपले विमान सात हजार फुटांवर फेऱ्या मारते आहे. त्याच जागी सहा हजारांवर एक आहे, आठ हजारांवर दुसरे आणि नऊ हजारांवर तिसरे. चाळीच्या जिन्यावर नळाला पाणी येण्याची वाट पाहत माणसे उभी असावीत, तशी ही रांग उभी असते. खालचे सुटले की प्रत्येकाला एकेक मजला खाली आणायचे, आणि दोघांमधले हजार फुटांचे अंतर एक क्षणही कमी होऊ द्यायचे नाही. सुटलेल्या विमानाला वळवत, हळू करत धावपट्टीच्या रेषेत लावायचे. पुढे अवजड विमान असेल तर त्याच्या मागच्या हवेतल्या भोवऱ्यांमुळे मध्यम आकाराच्या विमानाला ५ सागरी मैल मागे ठेवावे लागते. तेवढ्यात कोणा वैमानिकाला घाटकोपरच्या बाजूला ढग दिसतो, तो वळण मागतो आणि जुळवून आणलेली माळ पुन्हा ओवावी लागते.

चुका होत नाहीत असे मी म्हणणार नाही. ८ जून २०२४ रोजी मुंबईत एक विमान उड्डाणासाठी धावत असताना त्याच धावपट्टीवर मागून दुसरे उतरले. कोणाला इजा झाली नाही, परंतु संबंधित नियंत्रकाला तत्काळ कामावरून बाजूला केले गेले. चौकशी व्हायलाच हवी. मात्र दर ऐंशी सेकंदांना एक अचूक निर्णय, असे काम दीड-दोन तास सलग केल्यावर माणसाच्या डोक्याचे काय होते, हा प्रश्नही त्याच चौकशीत विचारला गेला पाहिजे. पुढच्या पत्राचा विषय तोच आहे.

मी एका विमानतळावर नियंत्रक आहे; रेटिंग मिळून दोन वर्षे झाली. माणसे कमी असल्यामुळे साप्ताहिक सुटीच्या दिवशीही बोलावणे येते. रात्रपाळी करून घरी आल्यावर तीन वर्षांचा मुलगा झोपू देत नाही. अलीकडे चॅनलवर, म्हणजे विमानांशी रेडिओवर बोलत, असताना वैमानिकाचे वाक्य मला पुन्हा विचारावे लागते. सुपरवायझरना सांगितले तर 'हिला झेपत नाही' असे होईल, ही भीती वाटते. काय करावे? — नाव छापू नये, कांदिवली

आपले पत्र मी तीनदा वाचले. उत्तराचा पहिला भाग अगदी छोटा आहे: सांगा, आणि खुर्चीवर बसण्यापूर्वी सांगा. परवानाधारकाला आपली शारीरिक क्षमता उतरल्याची जाणीव असेल तर त्याने परवान्याचे काम करू नये, असे आंतरराष्ट्रीय नियमच म्हणतो. तेव्हा आपण सवलत मागत नसून नियम पाळत आहात. वाक्य पुन्हा विचारावे लागणे हा कमीपणा मुळीच नाही. अर्धवट ऐकलेले वाक्य पूर्ण ऐकले असे समजून पुढे जाणारा माणूस धोक्याचा असतो. आपण अजून विचारत आहात.

माझा एक अनुभव सांगतो, म्हणजे आपल्याला एकटे वाटणार नाही. तेव्हा मी बोरिवलीला राहत असे. रात्रपाळी संपवून अंधेरीहून सकाळची गाडी पकडली, खिडकी मिळाली, आणि डोळा लागला तो थेट विरारच्या फलाटावर उघडला. टी.सी.ने पास पाहिला, तो बोरिवलीपर्यंतचाच. मी दंड भरला. दंड भरताना माझ्या मनात आले की, थोड्या वेळापूर्वीच हाच माणूस विमानांना उंच्या वाटत होता. त्या पावतीची घडी कित्येक वर्षे माझ्या परवान्याच्या पाकिटात होती.

थकव्याची किंमत काय असू शकते, हे १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर दिसले. त्या भागाचे नियंत्रण झुरिकहून होत असे. रात्रपाळीला दोघे होते. त्यांतला एक विश्रांतीला गेला होता, कारण तशी पद्धतच पडली होती आणि वरिष्ठ ती चालू देत होते. उरलेला एकटा दोन पडदे सांभाळत होता. त्याच रात्री देखभालीसाठी मुख्य दूरध्वनी यंत्रणा बंद होती. दोन विमाने एकाच उंचीवर आल्याचे त्याला उशिरा दिसले. त्याने एकाला खाली जायला सांगितले, त्याच विमानातले टक्करविरोधी यंत्र वर जा म्हणत होते, आणि ७१ माणसे गेली. त्यांत ५२ मुले होती. या अपघातात सारे कुटुंब गमावलेल्या एका माणसाने सुमारे वीस महिन्यांनी त्या नियंत्रकाला त्याच्या घराच्या दारात ठार मारले. त्यानंतर अपघाताबद्दल स्विस न्यायालयाने कोणाला दोषी धरले, तर नियंत्रण कंपनीच्या चार अधिकाऱ्यांना. एका माणसावर दोन पडदे सोडून देण्याचा निर्णय त्या रात्री त्या खुर्चीत झालेला नव्हता.

या अनुभवांतून नियम आले. ब्रिटनमध्ये नियंत्रकाची पाळी १० तासांहून मोठी असू शकत नाही, सलग दोन तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागते, आणि लागोपाठ दोनपेक्षा अधिक रात्रपाळ्या लावता येत नाहीत. नियंत्रकांच्या थकव्याविषयी प्रत्येक देशाने मर्यादा ठरवाव्यात, हा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियम ५ नोव्हेंबर २०२० पासून लागू झाला. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ड्यूटीच्या तासांच्या आणि विश्रांतीच्या मर्यादा घातलेल्या आहेत. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या वाहतूकविषयक स्थायी समितीने हवाई सुरक्षेवर जो अहवाल दिला, त्यात नियंत्रकांची टंचाई आणि थकवा यांबद्दल काळजी व्यक्त केली, आणि या मर्यादांतून प्राधिकरणाला सूट मिळत आल्यावर बोट ठेवले. नियम करायचा आणि माणसे नाहीत म्हणून त्यातून सूट द्यायची, म्हणजे छत्री विकत घेऊन ती घरीच ठेवण्यासारखे आहे.

किती माणसे हवीत, याचा हिशेब कागदावर करून पाहू. समजा, एका केंद्रात चोवीस तास चालणाऱ्या चार खुर्च्या आहेत. दोन तास काम आणि अर्धा तास विश्रांती हे प्रमाण पाळायचे तर चार खुर्च्यांना एका वेळी पाच माणसे लागतात. तीन पाळ्यांचे पंधरा झाले. साप्ताहिक सुट्या, रजा, आजारपण, उजळणी वर्ग आणि वैद्यकीय तपासण्या वजा जाता एक माणूस वर्षाचे साधारण २१५ दिवस कामावर मिळतो. पंधरा गुणिले ३६५ भागिले २१५, म्हणजे साडेपंचवीस. चार खुर्च्यांना पंचवीस-सव्वीस माणसे, हे ऐकून मंत्रालयातल्या माणसाच्या भुवया उंचावणारच. पण त्या ठिकाणी अठराच असतील, तर वर्षाकाठी सुमारे सोळाशे पाळ्यांची तूट येते, आणि ती आपल्या रद्द झालेल्या सुट्यांतून, गिळलेल्या विश्रांतीतून आणि दोन चॅनल एकत्र करून भरून काढली जाते. या तुटीबद्दल ओव्हरटाइमचे पैसे दिले म्हणून ती भरत नाही. आमच्या वेळी सर्वांत आवडता आवाज पगाराच्या मेसेजचा नव्हता. पाठीमागे येऊन उभ्या राहिलेल्या रिलीव्हरच्या 'हं, सांग' या दोन शब्दांचा होता. तो आला की आधी त्याला पाच मिनिटे चित्र समजावून द्यायचे, कोणते विमान कोठे, कोणाला काय कबूल केले आहे, कोणाचा आवाज त्रासलेला आहे, आणि मगच हेडसेट काढायचा.

सुपरवायझरशी बोलताना आपण तारखा लिहून न्याव्यात: कोणत्या सुट्या गेल्या, कोणत्या दोन पाळ्यांमध्ये किती तास मिळाले. 'मला थकवा येतो' हे वाक्य विसरले जाते, तारखांचा कागद फायलीत राहतो. घराबद्दलही एक सुचवतो. रात्रपाळीनंतरचे चार तास मुलगा आजीकडे किंवा शेजारी राहील, अशी व्यवस्था कुटुंबाने आपल्या नोकरीचा भाग समजूनच केली पाहिजे. ती आपल्यावर केलेली मेहेरबानी समजू नये, आणि कोणी तसे बोलून दाखवले तर हा अंक त्यांच्यापुढे ठेवावा.

आम्ही बँकेत असताना संपाशिवाय एक रुपया वाढवून मिळाला नाही. तुमची मंडळी एक दिवस हेडसेट खाली ठेवून का पाहत नाहीत? — एक निवृत्त बँक कर्मचारी, दादर

एका देशात ठेवून पाहिले. ३ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेतले सुमारे १३,००० नियंत्रक संपावर गेले. वर्षाला दहा हजार डॉलरची वाढ आणि बत्तीस तासांचा आठवडा, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि न परतलेल्या ११,३४५ जणांना काढून टाकले. माणसांना काढायला दोन दिवस लागले, पण त्यांच्या जागी तयार माणसे उभी करायला अनेक वर्षे गेली. पुढे अशी गंमत झाली की, संपानंतर एकदम भरलेली ती पिढी एकदमच निवृत्तीला आली, कारण तेथे नियंत्रकाला ५६ व्या वर्षी थांबावे लागते, आणि पंचवीस वर्षांनी टंचाईची नवी लाट उठली. त्याच देशात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प असताना नियंत्रक पगाराविना काम करत राहिले. अखेर गैरहजेरी वाढली आणि चाळीस विमानतळांवरची उड्डाणे कमी करावी लागली.

आपल्याकडे विमानतळ ही अत्यावश्यक सेवा आहे, आणि अशा सेवांतल्या संपावर बंदी घालणारा एस्मा कायदा म्हणजे काय, हे आपल्यासारख्या जुन्या कार्यकर्त्याला मी सांगायला नको. फेब्रुवारी २००६ मध्ये मुंबई-दिल्ली विमानतळांच्या खासगीकरणाविरुद्ध कर्मचाऱ्यांचा संप झाला, तेव्हाही विमाने उडत राहिली. शिवाय यात एक नैतिक अडचण आहे, जी बँकेच्या काउंटरवर नसते. आपण काउंटर बंद केलात तर माणूस उद्या येतो. आकाशातल्या माणसाला उद्या या असे सांगता येत नाही.

म्हणून लढाई कागदावरची आहे, आणि तिची वेळ जवळ आली आहे. सार्वजनिक उपक्रमांच्या अधिकाऱ्यांची गेली वेतनसुधारणा १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. दहा वर्षांचे आवर्तन धरले तर पुढची २०२७ ची. गेल्या वेळचे सूत्र असे होते की, वाढ किती द्यायची हे त्या उपक्रमाच्या नफ्याला किती बोजा पडतो यावर ठरवायचे. त्यामुळे नियंत्रकाची वाढ अशा ताळेबंदाला बांधली गेली, ज्यात तोट्यातल्या लहान विमानतळांचे झाडलोटीपासूनचे खर्चही येतात. वास्तविक नियंत्रणाच्या सेवेचे पैसे विमान कंपन्या मार्गशुल्क आणि उतरण्याच्या वेळचे दिशादर्शन शुल्क म्हणून वेगळे मोजतात. कॅनडाने १९९६ मध्ये नियंत्रणाचे काम विमानतळांपासून तोडून स्वतंत्र, नफा न वाटणाऱ्या कंपनीकडे दिले. आपण कंपनी वेगळी काढावी की नाही, याबद्दल माझे मन अजून ठरत नाही. परंतु या सेवेचा जमाखर्च वेगळा मांडला, तर निदान कोणाच्या कामाचे पैसे कोठे जातात, हे दिसू लागेल, आणि वेतनाच्या टेबलावर बसताना ते पहिले हत्यार ठरेल. या बाबतीत आपल्या बँकवाल्यांचा अनुभव आमच्यापेक्षा दांडगा आहे. तो आपण तरुण मंडळींना द्यावा.

कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर ही नोकरी उरेल का? — बारावीचा विद्यार्थी, ठाणे

उरेल. यंत्राने या कामाचे फार भले केले आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमाने आदळून ३४९ माणसे गेली, तेव्हा दिल्लीच्या नियंत्रकाला रडारवर विमान दिसत होते, पण त्याची उंची दिसत नव्हती. वैमानिक सांगेल तीच खरी मानावी लागे. आज ती पडद्यावरच्या पाटीत असते. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत संदेश पोचवणारी संगणक यंत्रणा बिघडली, तेव्हा आठशेहून अधिक उड्डाणे रखडली आणि उड्डाणांचे आराखडे नियंत्रकांना हाताने भरत बसावे लागले. यंत्र बंद पडल्याच्या दिवशी लागणारी माणसे ही यंत्र चालू असतानाच्या दिवसांपेक्षा जास्त असतात. गणित सोडू नकोस.

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यामुळे मुंबईच्या नियंत्रकांवरचा भार हलका होईल ना? — एक रहिवासी, उलवे

सांताक्रूझच्या धावपट्टीवरचा भार हलका होईल. आकाशातला होणार नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या दारात प्रवासी विमाने येऊ लागली, पण दोन्ही विमानतळांमधले सरळ अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत आहे आणि दोन्हींकडच्या मुख्य धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिमच आहेत. म्हणजे एकाच गल्लीत समोरासमोर दोन लग्नघरे आल्यासारखे झाले. एकाची वरात निघताना दुसऱ्याचे पाहुणे येत असतात आणि दोघांनाही सांभाळून नेणारे पोलीस तेच असतात.

शेजारच्या दोन धावपट्ट्यांचा घोटाळा मुंबईला नवा नाही. २४ सप्टेंबर १९७२ रोजी एका जपानी विमानाने सांताक्रूझ समजून जुहूची धावपट्टी पकडली. ती लहान विमानांसाठी केलेली आखूड पट्टी. एवढे मोठे जेट तिच्यावर थांबणार कसे? ते टोक ओलांडून पलीकडे गेले. सुदैवाने सारे वाचले. आज अशा चुकीला रडार, उपकरणे आणि दोन वेगळे टॉवर आड येतात, पण त्यासाठी प्रत्येक टप्प्यावर जागे असलेले, त्या जागेचे रेटिंग असलेले माणूस लागते, आणि ते टर्मिनलच्या काचांसारखे उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात बसवता येत नाही. पहिल्या परीक्षेपासून मुंबईच्या अॅप्रोचवर एकट्याने बसेपर्यंत काही वर्षे जातात. नवा विमानतळ बांधायला घेतला, त्याच दिवशी ही भरती सुरू करावी लागते. एरवी तहान लागल्यावर विहीर खणल्यासारखे होते. दुसरी धावपट्टी आणि पुढची टर्मिनले यांच्या बातम्या आपण वाचाल, तेव्हा किती नियंत्रकांना रेटिंग मिळाले, हा आकडा त्यात आहे का, तेवढे पाहावे.

आपल्या गच्चीवरून विमान उठताना दिसले, तर एक लक्षात असू द्यावे. नवी मुंबईच्या टॉवरने त्याला निरोप दिल्यावर त्याच्याशी बोलू लागणारा माणूस खाडीच्या पलीकडे, मुंबईच्या त्या काळोख्या खोलीत बसलेला असतो.